सिंफनी वाद्यवृंदाची जबाबदारी मंचावर संपते का?

मागचा स्टँड

नमस्कार. बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. लांबेल थोडा, सांभाळून घ्या. (मराठीत ऑर्केस्ट्रा हा शब्द गाण्यांच्या कार्यक्रमालाही चिकटलेला आहे, म्हणून आधीच सांगते. मी बोलतेय ते हायडन, बेथोवन, ब्राम्स वाजवणाऱ्या सिंफनी वाद्यवृंदाबद्दल.)

मी एका हौशी वाद्यवृंदात गेली चौदा वर्षं दुसऱ्या व्हायोलिनच्या रांगेत अगदी मागे बसते. गेल्या महिन्यात तालमीत माझ्या गजाचं, म्हणजे व्हायोलिनच्या तारांवरून फिरवायच्या काठीचं, टोक तडकलं. गज जुना, एका निवृत्त वादकाकडून घेतलेला. दुरुस्तीला नेला तर कारागिरांनी तो उजेडात धरला, फिरवून पाहिला आणि विचारलं, "याचे कागद आहेत का?" गजाचे कागद असतात हे मला पन्नाशीत कळलं.

मग त्यांनी एकेक भाग दाखवला. काठी पेर्नाम्बुकोची, म्हणजे ब्राझीलच्या अटलांटिक किनाऱ्यालगतच्या जंगलातल्या झाडाची. हाताशी जो ठोकळा असतो, ज्याला आम्ही फ्रॉग म्हणतो, तो आबनुसाचा. त्यावरची चकाकणारी पट्टी शिंपल्याची. टोकावरची पांढरी पट्टी बहुतेक हस्तिदंताची. केस घोड्याच्या शेपटीचे. आणखी जुन्या काही गजांत फ्रॉग कासवाच्या कवचाचा असतो, काठीला गुंडाळलेली पट्टी देवमाशाच्या तोंडातल्या झालरीची असते. साठेक ग्रॅम वजनाची वस्तू ती. रोज सकाळी हातात घेते, तिला राळ लावते, पुसून ठेवते, आणि ती कुठून कुठून आली हे चौदा वर्षांत एकदाही मनात आलं नाही.

घरी येऊन वाचायला लागले. २०१४ मध्ये बुडापेस्ट फेस्टिव्हल ऑर्केस्ट्रा दौऱ्यावर न्यूयॉर्कला उतरला, तेव्हा विमानतळावर त्यांच्या वादकांचे सात गज हस्तिदंताच्या संशयावरून अडकवून ठेवले होते. तेव्हा ही बातमी मी वाचली होती, आणि मला राग आला होता तो कस्टमवाल्यांचा. आता त्याच बातमीकडे बघताना हत्ती आठवतो.

धागा काढायचं कारण मात्र वेगळंच आहे. येत्या हंगामात आमच्या वाद्यवृंदाने 'निसर्ग' या विषयावर खास कार्यक्रम ठरवलाय. बेथोवनची सहावी सिंफनी आणि राउतावाराचं 'कान्टुस आर्क्टिकुस'. हे १९७२ चं काम. त्यात वाद्यवृंदासोबत उत्तर फिनलंडमध्ये ध्वनिमुद्रित केलेले पक्ष्यांचे आवाज वाजतात. निवड सुंदर आहे, मी स्वतः मत दिलंय. पण त्याच बैठकीत जाहिरातीसाठी प्लास्टिकचे मोठे फलक मंजूर झाले. एका कार्यक्रमासाठी पाहुण्या सोलोवादकाला विमानाने आणून दुसऱ्या दिवशी परत पाठवायचं ठरलं. 'शाळांसाठी काहीतरी' हा मुद्दा वेळेअभावी पुढे ढकलला, सलग तिसऱ्या वर्षी. मी काहीच बोलले नाही. मागच्या स्टँडवरची माणसं सहसा बोलत नाहीत.

मला असं वाटायला लागलंय की वाद्यवृंदाची समाजाशी आणि निसर्गाशी असलेली बांधिलकी तो काय वाजवतो यावर ठरत नाही. तो काय विकत घेतो, कसा प्रवास करतो, कुणाला आत घेतो, कुणाचे पैसे स्वीकारतो आणि मंचावरच्या माणसांना कसं वागवतो, यावर ठरते. पक्ष्यांचे आवाज वाजवणं या सगळ्यानंतर येतं. हे चुकतंय का माझं? ज्यांना आतली माहिती आहे त्यांनी जरूर लिहा. पुढच्या महिन्यात समितीची बैठक आहे, यावेळी तोंड उघडायचं ठरवलंय.

मूकश्रोता

धागा मनापासून आवडला, पण माझा विरोध नोंदवतो. वाजवत नाही, चाळीस वर्षं ऐकतो आहे.

वाद्यवृंदाचं पहिलं आणि शेवटचं कर्तव्य उत्तम वाजवणं. ९ ऑगस्ट १९४२ रोजी वेढ्यात अडकलेल्या लेनिनग्राडमध्ये कार्ल एलियासबर्ग यांनी शोस्ताकोविचची सातवी सिंफनी वाजवून घेतली. रेडिओ वाद्यवृंदातली पंधराएक माणसंच वाजवण्याच्या अवस्थेत उरली होती, बाकीची उपासमारीने गेलेली किंवा अंथरुणाला खिळलेली. सैन्यातून वादक बोलावले, जादा शिधा मिळवला, आणि ध्वनिक्षेपकांवरून ती सिंफनी शहरभर, अगदी शत्रूच्या खंदकांपर्यंत ऐकवली. त्या माणसांनी समाजासाठी आणखी काय करायला हवं होतं? १९९४ मध्ये सारायेव्होत जळालेल्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या भग्न भिंतींमध्ये झुबिन मेहतांनी मोझार्टचं रेक्विएम, म्हणजे मृतांसाठीची प्रार्थना, केलं, तेव्हाही तेच. वाजवणं हीच सेवा होती.

मला भीती वाटते ती दुसरी. वाद्यवृंदाने जंगल वाचवावं, शाळा चालवावी, कार्बन मोजावा, आणि या सगळ्यात तालमीचा वेळ जावा. जो तालमीत कमी पडतो त्याचं संगीत कुणाच्याही उपयोगाचं नाही.

अंतरा

मूकश्रोतांशी सहमत. पण फलकाचा मुद्दा मात्र खटकलाच. प्लास्टिकवर छापलेला हिरवा निसर्ग!

पेटारा

मी वाद्यवृंदांच्या दौऱ्यांची सामानसुमानाची बाजू बघतो, वीस वर्षं होत आली. मूकश्रोता, तुमची भीती समजते, पण यातलं बरंचसं काम वादकांचं नाहीच. ते आमच्यासारख्यांचं आणि व्यवस्थापनाचं आहे. तालमीतला एक मिनिटही जात नाही.

शंभर माणसांचा वाद्यवृंद हलतो म्हणजे काय हलतं ते सांगतो. डबल बेसचे पेटारे माणसाहून उंच. टिंपनी, हार्प, तालवाद्यं, नोटेशनच्या पेट्या, कपड्यांचे उभे ट्रंक. चेलो बऱ्याचदा विमानात माणसाचं तिकीट काढून शेजारच्या खुर्चीत बसतो. लाकडी वाद्यांना आर्द्रता साधारण ४० ते ६० टक्क्यांच्या आत लागते, नाहीतर वाद्याचं पोट (पुढची फळी) फाटतं, सांधे सुटतात. म्हणून ट्रकसुद्धा तापमान राखणारा हवा. सभागृहात रात्री कुणी नसतानाही यंत्रणा चालू ठेवावी लागते ती याचसाठी. दिवे एलईडी केले तर वीज वाचतेच, शिवाय मंचावर उकाडा कमी होतो. ज्यांनी हॅलोजनखाली ब्रुकनरची लांबलचक सिंफनी वाजवलीय त्यांना विचारा.

पण खरी गोम दौऱ्याच्या आखणीत आहे. तीन शहरांत तीन रात्री वाजवायचं की एका शहरात तीन रात्री? दुसऱ्या पर्यायात सामान एकदाच उतरतं, वादकांची झोप होते, मधल्या दिवसांत शाळा किंवा संगीत विद्यालयात जाता येतं. मग सगळे असं का करत नाहीत? एक मोठं कारण बाहेर फारसं माहीत नाही. अनेक सभागृहं करारात अट घालतात की आमच्याकडे वाजवलं तर अमुक अंतरात, अमुक महिने दुसरीकडे वाजवायचं नाही. त्यामुळे शेजारच्या गावाला जायचं सोडून वाद्यवृंद अर्धा खंड ओलांडून पुढचा कार्यक्रम करतो. ही अट सैल केली तर झाडं न लावताही बराच धूर वाचेल. हे मी पोटतिडकीने सांगतोय, कारण नकाशावर रेघा मारताना दर वेळी जीव तुटतो.

स्वीडनमधल्या हेल्सिंगबोर्गच्या सिंफनी वाद्यवृंदाने २०१९ मध्ये जाहीर केलं की पुढच्या हंगामापासून पाहुणे कलाकार विमानाने येणार नाहीत. रेल्वेने, बोटीने, रस्त्याने येऊ शकतील त्यांनाच बोलावू. सगळ्यांना हे जमणार नाही, खंडाच्या टोकाला असलेल्यांना तर नाहीच. तरी त्यामुळे एक प्रश्न विचारणं सुरू झालं: हा सोलोवादक आपल्याला कशासाठी हवाय, आणि आलाच आहे तर आठवडाभर थांबेल का?

आणखी एक. वाद्यवृंद स्वतः दौऱ्यावर नसतो तेव्हा कार्यक्रमाच्या धुराचा मोठा वाटा श्रोत्यांच्या येण्याजाण्याचा असतो. दोन हजार माणसं आपापल्या गाडीने आली तर मंचावरचे दिवे बदलून फार काही साधत नाही. कार्यक्रम शेवटच्या गाडीच्या वेळेआधी संपवणं, तिकिटातच बस-रेल्वेचं भाडं धरणं, या साध्या गोष्टी आहेत. मी एका ठिकाणी फक्त सुरुवात अर्धा तास अलीकडे आणा म्हणून दोन वर्षं मागे लागलो होतो. आणली. आता मध्यंतरात उठून जाणारे कमी झालेत.

मागचा स्टँड

पेटारा, मनापासून आभार. आमचा सोलोवादक एका रात्रीसाठी येतोय हे मी लिहिलं, पण 'आठवडाभर थांबवा' हे सुचलंच नव्हतं. मी फक्त 'बोलावू नका' असं म्हणणार होते, आणि ते कुणी ऐकलं नसतं.

मूकश्रोता, लेनिनग्राडचं उदाहरण वाचून गप्प झाले. पण एक विचारते. त्या वादकांना जादा शिधा मिळवून द्यावा लागला, हीसुद्धा कुणीतरी घेतलेली जबाबदारीच होती ना?

राळ आणि सरस

तंतुवाद्यांची दुरुस्ती करतो. ताई, तुमच्या कारागिरांनी कागद विचारले ते बरोबर केलं. पेर्नाम्बुकोबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण अर्धवट माहितीने लोक एकतर घाबरतात किंवा दुर्लक्ष करतात.

हे झाड युरोपात आधी रंगासाठी गेलं. त्याच्या गाभ्यातून लाल रंग निघतो, आणि ब्राझील या देशाला नावच त्या लाकडावरून पडलं. गज खूप नंतरचा. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या फ्रांस्वा झाविए तूर्त यांनी गजाला आजचा आकार दिला, आणि हेच लाकूड का हे त्यांच्या हाताने सिद्ध झालं. वजनाला भारी, तरी लवचीक. उष्णता देऊन वाकवलं की तो बाक धरून ठेवतं. दोनशे वर्षं याला तोड सापडली नाही. तोवर किनाऱ्यालगतचं जंगल ऊस, कॉफी, गुरं आणि शहरांनी खाल्लं. खरं सांगायचं तर गज बनवणाऱ्यांनी सगळं जंगल संपवलं असं नाही. पण उरलेल्या थोडक्या झाडांना सगळ्यात जास्त भाव देणारे आम्हीच आहोत, त्यामुळे चोरटी तोड आमच्यासाठीच होते.

२००७ मध्ये हे झाड साइटीझ कराराच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राण्या-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आलं. कच्च्या लाकडावर निर्बंध आले, तयार गज मोकळे राहिले. २०२२ मध्ये पनामाच्या परिषदेत ब्राझीलने पहिल्या परिशिष्टाची, म्हणजे जवळपास पूर्ण बंदीची मागणी केली. ती मान्य झाली नाही. झाड दुसऱ्यातच राहिलं, पण ब्राझीलमधून पहिल्यांदा बाहेर पडणाऱ्या तयार गजालाही परवाना लागू झाला. वादकाला आपलं वाद्य घेऊन सीमा ओलांडायची असेल तर २०१३ पासून तीन वर्षं चालणाऱ्या प्रमाणपत्राची सोय आहे, वाद्याचा पासपोर्टच म्हणा. ते काढून द्यायला वादकाला मदत करणं हे वाद्यवृंदाचं काम आहे असं माझं मत. एकट्या वादकाने त्या अर्जांशी झुंजू नये.

जगभरच्या गज बनवणाऱ्यांनी एकत्र येऊन ब्राझीलमध्ये ही झाडं लावण्याचं काम साधारण २००० पासून चालवलंय. कोकोच्या बागांत सावलीला हे झाड चांगलं येतं. पण गजाजोगं लाकूड मिळायला पंचवीस-तीस वर्षं लागतात. म्हणजे लावणारा कारागीर स्वतः त्याचा गज करेलच असं नाही. जर्मनीतही बर्लिनच्या श्टाट्सकापेलच्या वादकांनी २००९ मध्ये प्रतिष्ठान काढून निसर्गासाठी कार्यक्रम सुरू केले; पुढे त्यातून बऱ्याच वाद्यवृंदांची एक चळवळ उभी राहिली आणि मादागास्करमध्ये आबनूस आणि शिसवीची झाडं लावायला पैसा जाऊ लागला. ज्या लाकडावर आपण वाजवतो त्याच लाकडाच्या जंगलाला परत देणं, हा हिशोब मला पटतो.

सनई-कुळातल्या पाश्चात्य वाद्यांचं, क्लॅरिनेट-ओबोचंही तेच. त्यांचं काळं लाकूड टांझानिया-मोझांबिककडचं, तिथे त्याला म्पिंगो म्हणतात. तोडीला यायला साठ-सत्तर वर्षं तरी लागतात. किल्वा भागात गावांच्या ताब्यातल्या जंगलांना २००९ मध्ये एफएससी प्रमाणपत्र (जंगल जबाबदारीने राखल्याचं) मिळालं, त्यामुळे झाड विकून गावाला नीट पैसे मिळण्याची वाट झाली. वाद्यवृंदाने नवं वाद्य घेताना 'लाकूड कुठलं' एवढं विचारलं तरी विक्रेता उत्तर शोधायला लागतो. कुणी विचारतच नाही.

स्प्रूस या सूचिपर्णी झाडाचंही ऐका. व्हायोलिनचं पोट ज्या लाकडाचं, ते इटलीतल्या फिएम्मे खोऱ्यात थंडीत हळूहळू वाढतं, वर्षाच्या कड्या बारीक आणि सारख्या येतात. ऑक्टोबर २०१८ मधल्या वाया वादळाने तिथे उभीच्या उभी जंगलं आडवी केली. आता हवा तापली तर त्या कड्या तशा राहतील का, हा प्रश्न आमच्या धंद्यातले लोक एकमेकांना दबक्या आवाजात विचारतात.

राहिला तुमचा गज. फेकू नका. टोकाच्या तड्यात आडवी पट्टी घालून तो जोडता येतो, वरची हस्तिदंताची पट्टी काढून हाडाची बसवता येते. किंमत म्हणून तो पूर्वीइतका राहणार नाही, पण वाजेल. कार्बन फायबरचे गज गेल्या तीसेक वर्षांत खूप सुधारलेत. विद्यार्थ्यांना, उघड्यावर वाजवणाऱ्यांना मी तेच सुचवतो. पण सगळ्यात हिरवा गज म्हणजे आधीच तयार असलेला, नीट राखलेला जुना गज.

अंतरा

वरचा प्रतिसाद जपून ठेवलाय. "सगळ्यात हिरवा गज म्हणजे आधीच तयार असलेला." +१

तिसरा हॉर्न

निसर्गावर छान चर्चा चालू आहे. मला मंचावरच्या माणसांबद्दल लिहायचंय, कारण स्टँडताईंनी तो मुद्दा काढून सोडून दिलाय.

१७७२ साली हायडनच्या वादकांना राजवाड्यावर महिनोन्महिने कुटुंबापासून दूर ठेवलं गेलं. हायडनने सिंफनी लिहिली, जिच्या शेवटी एकेक वादक आपली मेणबत्ती विझवून उठून जातो आणि दोनच व्हायोलिनं उरतात. राजपुत्र एस्टरहाझी समजला, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सुट्टी मिळाली, असं सांगतात. आपल्या वादकांसाठी उभा राहणारा संगीतकार! ही सिंफनी आम्ही दर दोन-तीन वर्षांनी वाजवतो, लोक हसतात, टाळ्या पडतात. आणि आमच्यापैकी निम्मे लोक कार्यक्रमागणिक पैशांवर, आजारी पडलो तर शून्य.

कानांचं बघा. माझ्या पुढे बसणाऱ्या व्हायोलावाल्यांच्या डोक्याशी माझ्या मागच्या ट्रॉम्बोनचा आवाज जातो. लंडनच्या रॉयल ऑपेरा हाऊसमध्ये २०१२ मध्ये वाग्नरच्या तालमीत पितळी वाद्यांच्या अगदी पुढे बसलेल्या एका व्हायोला वादकाची श्रवणशक्ती कायमची बिघडली. २०१८ मध्ये न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला, आणि 'कलेसाठी आवाज लागतोच' हा बचाव टिकला नाही. २०१९ मध्ये वरच्या न्यायालयातही निकाल मुख्यतः कायम राहिला. युरोपात आवाजाची मर्यादा पाळण्याचा नियम २००८ पासून संगीताच्या क्षेत्रालाही लागू आहे. पायऱ्या उंच करणं, बसायची जागा आलटून पालटून देणं, मोठ्या आवाजाच्या दोन तालमी एका दिवशी न ठेवणं, कानाचे प्लग वादकाच्या मापाने करून देणं, हे सगळं होण्यासारखं आहे. माझ्या डाव्या कानात सात वर्षं शिटी वाजतेय. मी तक्रार केली नव्हती. करायला हवी होती, हे आज इथे लिहितो.

आणि आत कोण येतं? वाजवणारा कोण हे परीक्षकांना दिसू नये म्हणून बोस्टन सिंफनीने १९५२ मध्ये निवडचाचणीला पडदा लावायला सुरुवात केली, पुढे अमेरिकेत तो सर्रास झाला. टाचांचा आवाज ओळखू येऊ नये म्हणून गालिचा अंथरतात, बूट काढायला लावतात. बर्लिन फिलहार्मोनिकमध्ये पहिली स्त्री वादक आली १९८२ मध्ये. व्हिएन्ना फिलहार्मोनिकने १९९७ मध्ये हार्पवादक आना लेल्केश यांना पूर्ण सभासद केलं. त्याआधी वीसहून जास्त वर्षं त्या तिथेच वाजवत होत्या. श्रोते त्यांचं वाजवणं ऐकत होते, पण सभासदांच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. आता पडद्याच्याही पुढचा प्रश्न आहे. पडद्यापर्यंत पोचायला वाद्य, शिक्षक आणि पंधरा वर्षं लागतात. ती कुणाला परवडतात? चि-ची न्वानोकू यांनी २०१५ मध्ये लंडनमध्ये चिनेके ऑर्केस्ट्रा काढला तो कृष्णवर्णीय आणि इतर वांशिक अल्पसंख्य वादकांसाठी. त्या स्वतः डबल बेस वाजवतात, आयुष्यभर मंचावर आपल्यासारखं दुसरं कुणी नाही हे बघत आल्या.

पाटीपेन्सिल

शिक्षिका आहे, संगीताची नाही. आमच्या शाळेत एकदा एक वाद्यवृंद आला होता. चाळीस मिनिटं वाजवलं, फोटो काढले, गेले. मुलं हरखून गेली होती. दुसऱ्या दिवसापासून चौथीतली एक मुलगी रोज विचारायची, "ते परत कधी येणार?" महिनाभर विचारत होती. मग थांबली. मला अजून तिच्या थांबण्याचं वाईट वाटतं. एकदाच यायचं असेल तर येऊ नका, इतकं मी त्या दिवसांत चिडून म्हटलंय.

म्हणून मला लंडनच्या ऑर्केस्ट्रा ऑफ द एज ऑफ एन्लायटनमेंटचं फार अप्रूप वाटतं. २०२० मध्ये त्यांनी आपला मुक्कामच कॅमडनमधल्या अ‍ॅकलंड बर्ली या सरकारी माध्यमिक शाळेत हलवला. कार्यालय शाळेत, नोटेशनचा संग्रह शाळेत, तालीम शाळेच्या सभागृहात. मुलं वर्गातून वर्गात जाताना कानावर बाख पडतो. भेट देणं वेगळं आणि शेजारी राहणं वेगळं.

व्हेनेझुएलाचं एल सिस्तेमा सगळ्यांना माहीत असेल. होसे आंतोनियो आब्रेऊ यांनी १९७५ मध्ये अकरा मुलांना घेऊन एका गॅरेजमध्ये सुरुवात केली आणि पुढे लाखो मुलं त्यातून गेली. त्यावर कडक टीकाही झाली आहे, शिस्तीच्या अतिरेकाची आणि सरकारशी जवळिकीची. ती वाचल्याशिवाय नुसतं कौतुक करू नये असं मला वाटतं. मला जास्त जवळचं वाटतं काँगोच्या राजधानीतलं, किन्शासाचं. १९९४ मध्ये आर्मां दियांजिएंदा यांनी तिथे किंबांगिस्त सिंफनी वाद्यवृंद उभा केला. मोजकीच व्हायोलिनं, म्हणून एकाने थोडा वेळ वाजवायचं आणि पुढच्याला द्यायचं. तार तुटली तर सायकलच्या ब्रेकची तार लावायची. दिवसभर आपापलं काम करून संध्याकाळी तालीम. तिथे समाज आणि वाद्यवृंद अशा दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच.

स्टँडताई, तुमच्या समितीला एवढंच सांगा की शाळेचा मुद्दा वेळेअभावी ढकलला की तो कायमचाच ढकलला जातो. आणि पहिल्या वर्षी एकाच शाळेत जा, पण दर महिन्याला.

मूकश्रोता

दोन दिवस सगळं वाचत होतो. तिसरा हॉर्न यांचं वाचून अस्वस्थ झालो. चाळीस वर्षं मी ज्यांना ऐकलं, त्यांच्या कानांचा विचार मी कधी केला नाही. हायडनच्या त्या सिंफनीला मीही हसलोय. पुढच्या वेळी हसणार नाही.

तरी माझा एक आग्रह कायम आहे. हे सगळं आत घ्या, जाहिरातीत आणू नका. कार्यक्रमपत्रिकेवर 'आम्ही किती हिरवे' याची पानं नकोत.

आणि पैशांबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. तिकिटांवर वाद्यवृंद चालत नाही, देणगीदार लागतात. ते कोण? रॉयल ऑपेरा हाऊस आणि बीपी या तेल कंपनीचं प्रायोजकत्वाचं नातं तीसहून जास्त वर्षांनी संपल्याचं २०२३ च्या सुरुवातीला बाहेर आलं. कलावंत आणि आंदोलक बराच काळ मागे लागले होते. मला दोन्ही बाजू दिसतात. पैसा नाकारला तर कुणाचा तरी पगार जातो. मिनेसोटा ऑर्केस्ट्राच्या वादकांना पगारकपातीच्या वादात ऑक्टोबर २०१२ पासून जानेवारी २०१४ पर्यंत व्यवस्थापनाने दाराबाहेर ठेवलं होतं. पैसा आटतो तेव्हा काय होतं ते तिथे दिसलं. पण वादक गप्प बसले नाहीत, त्यांनी स्वतःच कार्यक्रम केले, श्रोते पाठीशी उभे राहिले. म्हणून माझ्यासारख्या श्रोत्यालाही विचारायला हवं: देणगीदार वाईट म्हणताना तू स्वतः किती देतोस? मी या वर्षीपासून वर्गणी भरतोय.

पेटारा

मूकश्रोता, पहिल्या प्रतिसादापासून इथवर आलात, आनंद झाला. जाहिरातीबद्दल थोडा मतभेद. बढाई नको, पण आकडे उघड हवेत. किती टन, कुठून, गेल्या वर्षी किती. ते न छापणारे पुढच्या वर्षी मोजत नाहीत, हे मी जवळून पाहिलंय.

कागदाचा मुद्दा राहिला. ब्रसेल्स फिलहार्मोनिकने २०१२ मध्ये स्टँडवरचे कागद काढून टॅबलेट आणले. पानं उलटण्याचा आवाज गेला. पण माझ्या मते कागद हा या सगळ्यातला सगळ्यात लहान प्रश्न आहे. सुटसुटीत असतो म्हणून लोक आधी तोच सोडवतात. आमचं नोटेशन तीस-चाळीस वर्षं वापरलं जातं, मागच्या वादकांच्या पेन्सिलीच्या खुणांसकट.

मागचा स्टँड

काल बैठक झाली. आल्याबरोबर लिहायला बसले, अजून हात थरथरतायत थोडे.

मी सगळे मुद्दे मांडू शकले नाही. चार मांडले. फलक रद्द झाले, पाचच मिनिटांत. सगळ्यांना मनातून पटलेलंच होतं, कुणीतरी म्हणायचा अवकाश होता. सोलोवादकाला आठवडाभर थांबण्याबद्दल विचारायचं ठरलं. ते नाही म्हणाले तर आमच्याच पहिल्या रांगेतली एक मुलगी त्यांचं कॉन्चेर्टो (सोलोवादक आणि वाद्यवृंदासाठीची रचना) वाजवेल. ती तिथेच रडली. कानाच्या प्लगचा मुद्दा आमच्या ट्रंपेटवाल्यानेच उचलून धरला, त्याच्या पुढे बसणारे त्याचे मित्र आहेत. प्लगचे पैसे वाद्यवृंद देईल.

शाळेवर मात्र वाद झाला. दर महिन्याला जमणार नाही, नोकऱ्या आहेत, असं बहुतेकांचं म्हणणं. मी पाटीपेन्सिलताईंची चौथीतली मुलगी सांगितली. कुणी काही बोललं नाही बराच वेळ. मग ठरलं की पूर्ण वाद्यवृंद नाही, चौघाचौघांच्या तुकड्या पाळीपाळीने जातील, एकाच शाळेत, वर्षभर. माझी पाळी सप्टेंबरात. वाद्यं मुलांच्या हातात द्यायची आहेत, म्हणून कार्बनचे दोन गज घ्यायला सांगितलेत.

देणगीदारांचा विषय निघाला आणि तसाच राहिला. त्याला माझ्यात अजून बळ नाही.

राळ आणि सरस, तुमच्या सांगण्याप्रमाणे पट्टी घालून गज जोडून घेतला. टोकाला हाडाची पट्टी आहे. काढलेली जुनी पट्टी कारागिरांनी कागदात गुंडाळून दिली. ती विकायची नाही हे नक्की, पण टाकवतही नाही. तिचं काय करायचं?

राळ आणि सरस

ठेवा पेटीत, गजाच्या बिलासोबत. पण प्रवासाला निघताना ती घरी ठेवून जा. आणि सप्टेंबरात मुलांनी विचारलं की हे पांढरं काय आहे, तर त्यांना सांगा. केस कधी बदलले होते शेवटचे?

मागचा स्टँड

दीड वर्ष झालं.

राळ आणि सरस

मग शाळेत जाण्याआधी बदलून घ्या.